उबवणीच्या खोलीचा नवा पत्ता

दुरुस्तीवाला : ताई, काय झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही.

वहिनी : सांगते की. आधी भावजींना बाहेर काढा.

दुरुस्तीवाला : त्यांनीच मला बोलावलंय.

वहिनी : म्हणूनच म्हणते.

भावजी : बघितलंत? वर्षभर हे असंच चाललंय. मी पाणी प्यायला उठलो तरी वहिनींची मान माठाकडे वळते.

वहिनी : माठाकडे नाही. माणसाला एवढी तहान कशाने लागते, तिकडे वळते.

दुरुस्तीवाला : थांबा, मला पहिल्यापासून सांगा. भाऊ, तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात की कॉम्प्युटर आहे, पण नाही. मला वाटलं चोरी झाली.

भावजी : चोरीच म्हणायची. फक्त वस्तू जागेवर आहे. हे समोरचं दार दिसतंय? त्यामागे उबवणीची खोली. आत फळ्यांवर अंडी. अंड्यांच्या डोक्यावर, पंख्याशेजारी, एका डब्यात कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, काही नाही. खोलीत किती ऊब ठेवायची ते तो बघतो. आणि त्याने किती ठेवायची ते आम्ही या ऑफिसात बसून मोबाइलवर सांगतो. म्हणजे सांगत होतो. परवापासून तो ऐकत नाही.

वहिनी : तुमचं ऐकत नाही, असं म्हणा.

दुरुस्तीवाला : तुमचं ऐकतो?

वहिनी : माझंही नाही. पण माझं न ऐकण्यामागे त्याचं काहीतरी कारण असेल.

दुरुस्तीवाला : मग सोपं आहे. दार उघडतो, आत जातो, डब्याला माझा पडदा जोडतो. चहा होईस्तोवर काम संपेल.

भावजी : नाही!

वहिनी : नाही!

दुरुस्तीवाला : बरं वाटलं. घरात एकमत होतं म्हणायचं.

भावजी : अहो, अंडी शेवटच्या दिवसांत आलीत. आता दार उघडायचं नाही हा धंद्याचा पहिला नियम. दार उघडलं की आतली ओल भसकन बाहेर जाते. कवचाखाली एक पातळ कातडं असतं, ते वाळतं आणि पिल्लाला आवळून बसतं. चोच कवचाला लागलेली असते, आणि तिथेच… म्हणजे तिथेच.

दुरुस्तीवाला : मेन स्विच बंद करून?

वहिनी : पंखाही त्याच स्विचवर आहे. पंखा थांबला की वरच्या फळीवरची भाजणार, खालच्या फळीवरची गारठणार.

दुरुस्तीवाला : आणि आत्ता आत किती ऊब आहे?

भावजी : तेच तर कळत नाही! काचेवर वाफ धरलीय. मी मघापासून नाक लावून बघतोय, मला माझंच नाक दिसतंय.

दुरुस्तीवाला : माझ्या आजीकडे कोंबडी बसायची अंड्यांवर. तिला नेटवर्क लागत नव्हतं.

वहिनी : तिला खुडूक कोंबडी म्हणतात. आमच्याकडच्या खुडूक होत नाहीत. ह्यांनी इतकी वर्षं निवडून निवडून तो गुण काढून टाकला. खुडूक झाली की अंडी देणं थांबवते ना.

दुरुस्तीवाला : ह्यांनी म्हणजे भाऊंनी?

वहिनी : भावजींनी कशाला? भावजींनी उभ्या जन्मात स्वतःची चप्पल निवडली नाही. आमच्या ह्यांनी.

भावजी : माझा दादा. गेल्या वर्षी गेला. काळ्या मानेची ही जात त्यानेच जोपासली. आता ज्या कोंबड्या उरल्यात त्या म्हाताऱ्या झाल्या, अंडी बंद केलीत त्यांनी. आत आहेत ती शेवटची. यातून निघालं तर निघालं. नाहीतर दादाची कोंबडी संपली.

दुरुस्तीवाला : आता मला कळलं तुम्ही दोघं माझ्या बॅगेकडे असं का बघताय ते.

वहिनी : बॅगेकडे मी वेगळ्या कारणाने बघतेय. तुम्ही भावजींच्या ओळखीतले ना?

दुरुस्तीवाला : तसा नाही. त्यांच्या मेहुण्याचा प्रिंटर दुरुस्त केला होता.

वहिनी : झाला?

दुरुस्तीवाला : नाही.

वहिनी : मग बसा. चहात साखर किती?

भावजी : वहिनी, आत पिल्लं…

दुरुस्तीवाला : ताई, एकच विचारतो. परवा नेमकं काय केलंत?

वहिनी : मी कशाला काय करू?

दुरुस्तीवाला : कॉम्प्युटर आपणहून नाहीसा होत नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

वहिनी : …पत्ता बदलला.

भावजी : कुणाचा?

वहिनी : त्याचाच. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला एक आकड्यांचा पत्ता असतो म्हणे, तो मोबाइलवर टाकला की ते उघडतं. तो पत्ता तुम्हाला ठाऊक होता. म्हणून मी नवा दिला.

भावजी : ऐका! स्वतःच्या तोंडाने सांगतायत!

दुरुस्तीवाला : पण ताई, भाऊंना आत येऊ द्यायचं नव्हतं तर नुसता पासवर्ड बदलायचा.

वहिनी : पासवर्ड बदलला की त्यांना कळलं असतं मी बदलला. पत्ता बदलला की वाटलं असतं, मशीनच बिघडलं.

दुरुस्तीवाला : विचार चांगला होता.

भावजी : चांगला?

दुरुस्तीवाला : वाईट हेतूचा होता, पण नीट केलेला होता. पुढे काय झालं?

वहिनी : 'जतन करा' वर बोट ठेवलं. एक चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि सगळं पांढरं. मग मी नवा पत्ता टाकून बघितला. तरी पांढरंच. म्हणजे यांच्यापासून लपवायला गेले, आणि असं काही लपवलं की मलाच सापडेना.

भावजी : आणि दोन दिवस तुम्ही गप्प! मी इथे काचेवर नाक घासतोय, फ्यूज तपासतोय, उंदराने वायर कुरतडली म्हणून पिंजरा लावून ठेवलाय!

वहिनी : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नवा पत्ता विचारला असता.

भावजी : साहजिक आहे!

वहिनी : म्हणूनच नाही सांगितलं.

दुरुस्तीवाला : मग आता मला सांगा.

वहिनी : भावजी, बाहेर.

भावजी : हे माझं ऑफिस आहे.

वहिनी : अर्धं. तुमचा अर्धा भाग दाराबाहेरचा समजा.

दुरुस्तीवाला : भाऊ, जा. चर्चेत वेळ गेला तर आत कोण भाजतंय की गारठतंय, आपल्याला कळायचंसुद्धा नाही.

भावजी : जातो. पण खिडकीशी उभा राहणार. आणि एक लक्षात ठेवा, बाई गोड बोलून चहा पाजते तेव्हा…

वहिनी : तेव्हा काय?

भावजी : काही नाही. मी काही बोलत नाही.

दुरुस्तीवाला : गेले. सांगा.

वहिनी : कान इकडे करा. आणखी. तुमच्या फोनवर काही रेकॉर्ड होत नाही ना?

दुरुस्तीवाला : माझ्या फोनवर मला आलेले फोनसुद्धा धड येत नाहीत.

वहिनी : दहा. शून्य. त्र्याऐंशी. पाच.

दुरुस्तीवाला : टाकतो… ही आतल्या डब्याकडून भिंतीतून आलेली वायर तुमच्या राउटरमधून काढली, माझ्या लॅपटॉपला लावली… लॅपटॉपला त्याच्या शेजारच्या घराचा नंबर दिला… नाही. कुणी उत्तर देत नाही.

वहिनी : नाहीच देणार. तो खोटा होता.

दुरुस्तीवाला : खोटा का सांगितलात?

वहिनी : भावजींच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायचं होतं.

दुरुस्तीवाला : ते बाहेर आहेत. त्यांना ऐकूच आलं नाही.

वहिनी : तेच बघायचं होतं, ऐकू जातं का. चेहरा कोरा राहिला. आता खरा सांगते.

भावजी : (खिडकीतून) दादाच्या स्कूटरचा नंबर असेल! बेचाळीस सतरा!

वहिनी : दहा, शून्य, बेचाळीस, सतरा. पण त्यांना कसं कळलं? सांगा, कसं कळलं? मी म्हणत नव्हते, पाळत आहे म्हणून!

भावजी : पाळत कशाला? वहिनी, तुमच्या सायकलच्या कुलपाला बेचाळीस सतरा. कपाटाला बेचाळीस सतरा. लिफ्ट अडकली तेव्हा सुद्धा तुम्ही आधी बेचाळीस सतरा दाबायला गेलात, लिफ्ट चार मजल्यांची होती. मला परवाच तुमचा संशय आला, पत्त्याच्या शेवटी हाच आकडा मोबाइलवर टाकून बघितला. उघडलं नाही. म्हटलं, वहिनी सुधारल्या.

दुरुस्तीवाला : म्हणजे तुम्हीही गप्प होतात.

भावजी : पिंजरा लावून मी फक्त बघत होतो, वहिनी स्वतःहून सांगतात का. तेवढ्यात तुम्हाला बोलवायची वेळ आली.

दुरुस्तीवाला : दोघांचाही आकडा बरोबर होता. चुकली ती गल्ली, म्हणजे पत्त्याचा पहिला आकडा. जुना पत्ता एकशे ब्याण्णवच्या गल्लीतला, तुमचे मोबाइल अजून तिथेच उभे आहेत. नवा पत्ता दहाच्या गल्लीतला. तुम्ही घरात बसून घर दुसऱ्या गल्लीत नेलंत, आणि मग दोघंही जुन्या गल्लीत उभे राहून, एकमेकांना न सांगता, त्याला हाका मारताय. त्याला ऐकू कसं जाणार?

वहिनी : मग आता?

दुरुस्तीवाला : आता मीच दहाच्या गल्लीत राहायला जातो. बेचाळीस अठरा. शेजारी. भाऊ, या आत, लपवण्यासारखं काही उरलं नाही… हं. त्याने उत्तर दिलं.

भावजी : दिलं? काय म्हणतो?

दुरुस्तीवाला : पासवर्ड मागतोय.

भावजी : बेचाळीस सतरा टाका.

दुरुस्तीवाला : उघडलं.

वहिनी : किती दाखवतोय? आत किती आहे?

दुरुस्तीवाला : साडेअडतीस.

भावजी : मेलो! साडेअडतीस! दोन दिवस! वहिनी, ही भट्टी आहे का? तुम्हाला पिल्लं काढायचीत की खरपूस भाजायचीत? सरळ सांगा ना, जागा विकायचीय म्हणून! तो माणूस टेप घेऊन छप्पर मोजत होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं!

वहिनी : छप्पर गळतंय म्हणून पत्रेवाला आला होता! आणि विकायचंय कुणाला? रोज संध्याकाळी ऊब साडेछत्तीसवर कोण आणून ठेवतं? पिल्लांना शवागारात ठेवल्यासारखं! तुमच्या मेहुण्याला इथे गॅरेज काढायचंय, ते काय मला ठाऊक नाही?

भावजी : मेहुण्याकडे गाडीच नाही, तो गॅरेज कशाचं काढेल?

दुरुस्तीवाला : मला फक्त एवढंच सांगा, आता किती ठेवू?

भावजी : साडेछत्तीस.

वहिनी : साडेअडतीस.

दुरुस्तीवाला : मशीन बनवणारा काय म्हणतो?

भावजी : तो म्हणतो साडेसदतीस.

दुरुस्तीवाला : मग तेवढीच का नाही ठेवत?

वहिनी : कशी ठेवणार? मी सकाळी येते तर साडेछत्तीस झालेली. म्हणून मी एक अंश आगाऊ चढवून ठेवते, पुन्हा उतरणारच म्हणून.

भावजी : आणि मी संध्याकाळी येतो तर साडेअडतीस. म्हणून मी एक अंश आगाऊ उतरवतो. चढणारच असते!

दुरुस्तीवाला : हे किती काळ चाललंय?

भावजी : दादा गेल्यापासून.

दुरुस्तीवाला : आणि पिल्लं निघत होती?

वहिनी : तेच तर नवल. पूर्वी कधी नव्हती एवढी. वर्षभर गिऱ्हाइकांची अंडी लावत होतो, मागच्या खेपेला तर एखाददुसरं अंडं सोडलं तर सगळी फुटली. ह्यांच्या हातूनसुद्धा एवढी निघाली नव्हती.

दुरुस्तीवाला : अर्धा दिवस साडेअडतीस, अर्धा दिवस साडेछत्तीस. अंडं काही घाईत तापत नाही आणि घाईत निवत नाही. त्याला मधलंच लागत असणार. साडेसदतीस.

भावजी : म्हणजे?

दुरुस्तीवाला : म्हणजे तुमचं भांडण बरोबर तापमानाला लावलेलं होतं. ताईंनी परवा भाऊंना बाहेर काढलं, तेव्हा ते बिघडलं.

भावजी : मी म्हणत होतो, वहिनींमुळे बिघडलं!

दुरुस्तीवाला : ताईंना बाहेर काढलं असतं तरी बिघडलंच असतं. गारठून.

वहिनी : भावजी, खरं सांगा. तुम्ही उतरवायला लागलात ते का? तुमच्या मनात काय होतं?

भावजी : नको. तुम्हाला वाईट वाटेल.

वहिनी : दोन दिवसांत तुम्ही मला उंदीर ठरवलंत. आता काय राहिलंय?

भावजी : दादाने सांगितलं होतं. हॉस्पिटलात, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात तेव्हा. म्हणाला, तुझी वहिनी माया जास्त करते, अंड्यांना पांघरूण घालायचं बाकी ठेवते. तिच्यावर लक्ष ठेव, तिला कळू न देता थोडं उतरवत जा. वहिनी, मला वाटलं दादाचा तुमच्यावर… म्हणजे तेवढा विश्वास नव्हता. म्हणून तुम्हाला कधी बोललो नाही.

वहिनी : तुम्ही तेव्हा कुठे होतात, मी वर परत आले तेव्हा?

भावजी : डॉक्टरला शोधायला गेलो होतो.

वहिनी : तेव्हा मला म्हणाले, धाकट्याला घाम लवकर येतो, त्याला वाटतं जगाला उकडतंय. त्याच्यावर लक्ष ठेव. तो उतरवून जाईल, तू गुपचूप चढवत जा. मला वाटलं, सख्ख्या भावावर भरवसा नाही, माझ्यावर आहे. वर्षभर तेवढ्यावर काढलं मी.

भावजी : मीही.

दुरुस्तीवाला : दोघांवर दोघांना लावून गेले.

भावजी : दादाला स्वतःला मशीन कधी लागलंच नाही. तो अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचा आणि म्हणायचा, हं, बरोबर आहे. आम्हाला ते कधी जमलं नाही. मला सगळी गरम लागायची, यांना सगळी गार.

(वहिनी उठल्या आणि दारापाशी गेल्या. परवापासून त्या या दाराला पाठ लावून पहाऱ्याला बसत होत्या, आज त्यांनी कान लावला. आत काय चाललंय ते ऐकायला नव्हे. तोंड भिंतीकडे करायला काहीतरी निमित्त हवं होतं आणि भावजींसमोर नाक ओढायची त्यांना चोरी होती. पण कानाला कुठे ठाऊक, त्याला नुसतं निमित्त म्हणून नेलंय ते. त्याने आपलं काम केलं.)

वहिनी : श्श. गप्प बसा सगळे.

भावजी : काय झालं?

वहिनी : बोलतायत.

भावजी : कोण?

वहिनी : इकडे या. इथे, कडीच्या खाली कान लावा. कवचातूनच बोलतायत. एक तिकडे वरच्या फळीला आहे, आणि हे बघा… ऐकलंत? त्याला दुसरं उत्तर देतंय.

भावजी : सगळी नाहीत, वहिनी. थोडीच आहेत.

वहिनी : थोडी म्हणजे आहेत.

दुरुस्तीवाला : मी असं करतो. साडेसदतीस लावतो, दोघांच्याही मोबाइलवरून ऊब बदलायची सोय काढून टाकतो. दोघांनी फक्त बघायचं. मग भांडण नको, शंका नको.

वहिनी : काढून टाकता? मग आम्ही दिवसभर करायचं काय?

भावजी : तुमचं काम नेटवर्कचं. घरात बोट घालू नका.

दुरुस्तीवाला : हेही एकमताने झालं. बरं. मी तुमच्या राउटरला नव्या गल्लीत आणतो, म्हणजे मोबाइल आपोआप येतील. पण कॉम्प्युटर आधी कुणाच्या मोबाइलवर उघडून देऊ? नंतर मला म्हणू नका, याला आधी दिलंत, तिला मागून दिलंत. मला पुढे अजून एका ठिकाणी जायचंय, तिथे सासू-सुनेचा वायफाय आहे.

भावजी : वहिनींच्या द्या. त्या मोठ्या आहेत.

वहिनी : एवढा मान? यात काय डाव आहे?

भावजी : डाव कसला? मान दिला तरी संशय!

वहिनी : मान दिला म्हणूनच. नको, भावजींच्या मोबाइलवर द्या आधी.

भावजी : माझ्या? आता मला संशय यायला लागलाय.

वहिनी : येऊ दे. दोन दिवस आत माझंच राज्य होतं, पिल्लं तापलीयेत. उतरवायचं काम तुमचं. घ्या, धरा नीट.

भावजी : उघडलं… वहिनी, किती उतरवू?

वहिनी : तुमच्या मनाला येईल तेवढं उतरवा. मागून चढवायला मी आहेच.